जगात जर्मनी, पेडगावात डिस्टॉर्शन

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर माणूस पुण्यातल्या लग्नात, मुंबईच्या लोकलमध्ये, कुठंही ठासून सांगतो. जर्मनीच का, असं विचारलं की मात्र तो चहा मागवतो. या म्हणीचा ढळढळीत पुरावा हवा असेल, तर घरच्या घरी हेवी मेटलच्या जड गिटारचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पोराच्या खोलीत डोकावावं. गिटारचा आवाज संगणकात फार रेंगाळू नये म्हणून लागणारं एसिओ आणि प्लगइन चालवणारं व्हीएसटी, ही दोन्ही तंत्रं हँबर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीची. स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस बेहरिंगरचा. ती कंपनी १९८९ साली जर्मनीत निघाली. डोक्यावरचा हेडफोन झेनहायझरचा, म्हणजे हॅनोवरच्या आसपासचा. आणि शेवटी गाणं ज्या एमपी३ फायलीतून दोस्तांच्या मोबाइलवर जातं, तिच्यामागे एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतली मंडळी. जर्मनी अशी आधीच खोलीत येऊन बसलेली असते. परभणीची बाजू तेवढी पोरानं सांभाळायची.

समजा, हा पोरगा पेडगावचा. परभणीहून रेल्वेनं मानवत रोडकडे निघालं की लागतं ते पेडगाव. वेड पांघरून लोक ज्या पेडगावला जातात ते हे नव्हे. ते तिकडं श्रीगोंदा तालुक्यात, भीमेकाठी, बहादूरगडाचं. पण सात तारांची गिटार आणून तिच्या तारा मुद्दाम सैल सोडणारा आणि वर तिला ‘आता बरोबर लागली’ म्हणणारा पोरगा घरात असला, की म्हणीतलं पेडगाव कुठल्या तालुक्यातलं याची चौकशी कुणी करत नाही.

तारा सैल सोडण्याला इतिहास आहे, हे त्या पोराच्या बाजूनं सांगायला हवं. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या गिटारवाल्याच्या दोन बोटांची टोकं १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून तुटली. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे त्या सैल करून वाजवू लागला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला, नंतरच्या अल्बमांत तारा सैल झाल्या आणि तो जडशीळ आवाज जगभर गेला. पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग तर एका दिवसात उरकलं होतं. पेडगावच्या पोराला पहिल्या दिवशी नुसता ड्रायव्हर इन्स्टॉल करता आला तरी पुष्कळ.

पोराच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं नाव बहुधा रीपर. ते लिहिणारा जस्टिन फ्रँकेल हा विनअँपवाला. कॅसेटी गेल्या आणि सीडीवर शंभर गाणी भरून मिळायला लागली, त्या काळात गावोगावच्या मोबाइल-सीडीच्या दुकानांत ज्या विनअँपवर सगळं वाजायचं, त्याच्याच कर्त्यानं २००६ साली हे काढलं. साठ दिवस फुकट वापरायला देतात. एकसष्टाव्या दिवशी एक खिडकी उघडून नम्रपणे पैशांची आठवण करते, पाच-सहा सेकंद थांबते आणि पुन्हा सगळं चालू देते. इतकी सभ्य वसुली परभणी जिल्ह्याच्या इतिहासात कुणी पाहिलेली नाही, आणि तिला जो प्रतिसाद मिळतो तोही ओळखीचाच आहे. अँपही आता विकत घ्यावा लागत नाही. न्यूरल अँप मॉडेलर नावाचं फुकट प्लगइन आहे. पीव्ही ५१५० सारख्या गाजलेल्या अँपचे हुबेहूब नमुने त्यात भरता येतात. चार माणसांनी उचलायचं सामान पेनड्राइव्हमध्ये मावतं. एवढं सगळं फुकट मिळाल्यावर पोराला वाटतं, की आता उरलं काय? फक्त मिक्सिंग.

पहिल्या रात्री तो गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवतो. हे जगातला प्रत्येक नवशिक्या करतो. टोकियोतला करतो, टेक्सासमधला करतो. गेन म्हणजे आवाज किती फाटावा, म्हणजेच डिस्टॉर्शन किती, याचं माप. एकट्या गिटारवर ते भरपूर असलं की छाती भरून येते. पण फाटलेला आवाज आपोआप दबतो: हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं एकाच उंचीचं होतं, तारेवरचा घाव बोथट होतो, आणि दोन-तीन ट्रॅक एकावर एक आले की नुसती घरघर उरते. शेजारचे काका कुंपणावरून विचारतात, “बोअरची मोटर जळायली का रे तुमची? वास येईना, पण आवाज यायलाय.” काकांना संगीत कळत नसेल, पण त्यांचं निदान स्टुडिओतल्या तंत्रज्ञाच्या निदानाशी तंतोतंत जुळतं. गाजलेल्या अल्बमांवर गेन आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. जडपणा येतो तो उजव्या हाताच्या जोरातून आणि बास गिटारमधून. आयबानेझची ती प्रसिद्ध हिरवी ट्यूब स्क्रीमर पेडलसुद्धा मेटलवाले उलटीच वापरतात: तिचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. आवाज अजून फाडायला ती नसतेच. अँपमध्ये शिरण्याआधी खालचा चिखल गाळायला असते.

मग येतो विजेचा प्रश्न. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ती गिटारच्या तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपमध्ये शिरते आणि गेनवर चढून हंऽऽ करत बसते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ साली दोन वेटोळी उलटसुलट जोडून हंबकर पिकअप काढला तो या हंऽऽ वरच. त्यानं बराचसा जातो. जो उरतो त्याचं मूळ गिटारमध्ये नसतं, भिंतीतल्या सॉकेटात असतं. तिसऱ्या पिनेला अर्थिंग म्हणून जी तार जोडलेली असते, ती घरामागच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात जाते, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा ठणठणीत. वायरमन सांगतो तो उपाय खरा आहे: खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. पाण्याची बोंब असलेल्या मे महिन्यात गिटारचा सूर सुधारावा म्हणून पोरगा जमिनीत पाणी ओततोय, हे दृश्य घरातल्या मोठ्यांना समजावून सांगायला जी भाषा लागते ती अजून कुठल्याच विद्यापीठानं तयार केलेली नाही.

हंऽऽ सॉकेटातून येतो, याच कारणानं पेडगावात एक चमत्कारिक सुख मिळतं, जे लंडनच्या स्टुडिओला ठाऊक नाही. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, चार्जरमार्फत शिरणारी कुरकुर क्षणात थांबते आणि गिटार आरशासारखी स्वच्छ वाजते. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून त्याची वाट पाहणारा महाराष्ट्रातला एकमेव ग्राहक तो हाच असणार. बॅटरी दीड तास टिकते. तेवढ्यात काय ते वाजवून घ्यायचं.

खोलीचं गणित त्याहून वाईट. घराची खोली दहा बाय दहा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून बसतो आणि भिंतीलगत दुप्पट फुगतो, नेमका खोलीच्या मध्ये गायब होतो. खोली चौरस असल्यानं लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच सूर अडकतो. आणि ड्रॉप ए ट्यूनिंगमध्ये सात तारांच्या गिटारची सगळ्यात खालची तार वाजते ५५ हर्ट्झवर! म्हणजे पोरानं जी तार मोठ्या हौसेनं सैल केली, तिचाच खोलीला सगळ्यात जास्त लळा. खाटेवर भिंतीला टेकून ऐकलं तर वाटतं बास फार झाला; तो कमी करतो. मध्ये खुर्ची टाकून ऐकलं तर बास नाहीच, तो वाढवतो. रात्रभर गाण्यात काहीही बदललेलं नसतं, खुर्ची तेवढी हललेली असते.

यावर कुणीतरी अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायला सांगतो. त्यानं फरक पडतो तो अंडीवाल्याला. अंड्याच्या ट्रेला ५६ हर्ट्झची लाट दिसतसुद्धा नाही. ती सहा मीटर लांब असते, आणि तिला कापसानं नीट शोषायचं तर थर हवा दीडेक मीटरचा. आता एवढा कापूस कुणाच्या खोलीत असतो? परभणी जिल्ह्यात असतो. दिवाळीनंतर वेचणी झाली आणि भाव पडलेला असला की शेतकरी कापूस घरातच ठेवतो, खोलीच्या खोली आढ्यापर्यंत भरते. त्या खोलीत ढिगाशेजारी मांडी घालून जे मिक्सिंग होतं, त्याला तोड नाही. मोठमोठे स्टुडिओ काचतंतूच्या लाद्यांवर पैसे ओततात, ते इथं मोसमात आपोआप साधतं. अडचणी दोन. एक, अंगाला खाज सुटते. दुसरी, मानवतच्या बाजारात भाव वधारला की घरचे टेम्पो बोलावतात, आणि अर्ध्या गाण्यातून सगळं अकूस्टिक्स भरून निघून जातं. ज्या पोराचा बाप भाव वाढायची वाट पाहतोय, त्याच घरात भाव आठवडाभर तरी वाढू नये असं देवाला सांगणारा तो पोरगा. बोलून दाखवायची सोय नाही.

आता गिटार रुंद कशी वाजवायची? अल्बमांवर ती दोन्ही कानांत भिंतीसारखी उभी असते. नवशिक्या वाजवलेला ट्रॅक कॉपी करतो, एक प्रत डावीकडे आणि एक उजवीकडे ढकलतो. काहीच होत नाही. दोन्ही कानांना अगदी तेच मिळालं की मेंदू आवाज मध्यभागी आणून ठेवतो. मग तो एक प्रत वीसेक मिलिसेकंद मागे सरकवतो. हेडफोनवर रुंदी येते, पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही प्रती एकमेकींना कापतात आणि गिटार नळीतून आल्यासारखी ऐकू येते. खरा उपाय एकच: तोच तुकडा दोनदा वाजवायचा, खराखुरा, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवायचा. दोहोंतला बारीक फरक म्हणजेच ती रुंदी. हा फरक बारीकच असावा, ही अट आहे. पहिल्यांदा वाजवलेलं आणि दुसऱ्यांदा वाजवलेलं शेजारी ठेवून पाहिलं की पोराला कळतं, आपण तोच तुकडा दोनदा सारखा वाजवूच शकत नाही. मिक्सिंग शिकायला बसलेले बहुतेक लोक याच टप्प्यावर गिटार शिकायला लागतात.

माय दारात उभी राहून हेडफोनचा एक कान लावते. “दोन्हीकडून भांडायलेत की रे,” म्हणते आणि निघून जाते. पुढचे पंधरा दिवस मेट्रोनोम.

मिक्सिंगचा गाभा मात्र याहून साधा आणि मानहानीचा आहे. खालच्या सुरांची पट्टी म्हणजे सणासुदीची एसटी: बास गिटारनं खिडकीतून आधीच रुमाल टाकलेला, किक ड्रम वाहकाच्या ओळखीवर चढलेला, आणि आता गिटारलाही तिथंच बसायचं. बासची खालची तार ४१ हर्ट्झवर, साध्या लागलेल्या गिटारची ८२ वर, किकचा ठोका त्यांच्याच मधोमध. तिघं बसले की कुणीच नीट बसत नाही. म्हणून गिटारला ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खाली कापून टाकतात, आणि वर आठ-दहा हजारांच्या पुढची सरसरही काढतात. सोलो बटण दाबून अशी कापलेली गिटार एकटी ऐकली तर ती किरटी वाटते, आणि पोराचं काळीज तुटतं. ज्या आवाजासाठी कर्ज काढून पिकअप बदलला, तोच कापायचा? तो पुन्हा खाली बास भरतो, मधले सूर खड्ड्यासारखे खणतो, कारण खोलीत एकट्यानं वाजवताना तसंच भारी वाटतं. सगळे मिळून वाजायला लागले की गिटार नाहीशी. गिटारचं घर मधल्या सुरांतच आहे; ते खणून टाकल्यावर ती राहणार कुठं?

यात लाज वाटायचं कारण नाही, मोठ्यांनीही गोंधळ घातलेत. मेटालिकाच्या १९८८ सालच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बमवर जेसन न्यूस्टेडची बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. वाजवलेली आहे, पण बँडमधल्याच जुन्या मंडळींनी ती खाली ढकलायला लावली, असं मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननं पुढे सांगितलं. नवीन सुनेला पंगतीत वाढायला लावून ताटच मांडायचं नाही, त्यातला प्रकार. याच बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबून मोठा केला, की आवाज कडेकडेनं फुटायला लागला. त्याच गाण्यांची गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त स्वच्छ आहे, हे श्रोत्यांनीच शोधून काढलं. नॉर्वेत तर डार्कथ्रोननं १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर केला, आणि त्या खरखरीत आवाजाची पुढे शैली झाली. पेडगावच्या पोरानं तोच युक्तिवाद करून पाहायला हरकत नाही. फक्त आधी नॉर्वेत जन्मावं लागतं.

मोठ्या आवाजाचा मोह मात्र सगळ्यात वाईट. बेल लॅबोरेटरीतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं, की आवाज मोठा केला की कानाला खालचे आणि वरचे सूर जास्त भरदार वाटतात. म्हणजे नॉब फिरवला की मिक्स आपोआप सुधारल्यासारखं वाटतं, आणि सकाळी हळू आवाजात ऐकलं की रात्रीचं सगळं कर्तृत्व ओसरलेलं. शहाणे लोक गप्पा मारता येतील इतक्या आवाजात काम करतात. कायदाही त्यांच्याच बाजूनं आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. गावच्या वरातीला हा नियम कुणी वाचून दाखवलेला नसतो, ती गोष्ट वेगळी.

ड्रमर गावात नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. स्वीडनच्या मेशुगानं २००५ च्या ‘कॅच थर्टीथ्री’ या अख्ख्या अल्बमचे ड्रम संगणकावर बसवले, आणि त्यांच्याकडे तर टोमास हाके नावाचा जगातला एक खतरनाक ड्रमर घरचाच होता. पेडगावात हलगीवाला आहे, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. हलगी आधी शेकतात, कातडं ताणलं की तिचा चर्रकन येणारा घाव वरच्या-मधल्या सुरांत बसतो, आणि वरातीत बँजोचे फाटलेले कर्णे दोन्ही बाजूंनी कोकलत असले तरी हलगी चौकापलीकडे ऐकू जाते. तिला कुणी सूर कापायचा-वाढवायचा ईक्यू लावलेला नसतो. बुलबुलतरंगला पिकअप बसवून तो कर्ण्यातून फाडून वाजवणारी आपली बँजो पार्टी ऐकून मोठ्या झालेल्या कानांना डिस्टॉर्शन परकं नाहीच. काकांनी मोटरीची शंका काढली ती सुरांमुळे नव्हे, मिक्समुळे.

घरच्या खोलीतून हे जमतं का? जमलेलं आहे. अमेरिकेत पोलरॉइड कंपनीतल्या टॉम शोल्झ या इंजिनिअरनं तळघरात वर्षानुवर्षं खपून ‘बॉस्टन’चा १९७६ चा अल्बम बहुतांशी तिथंच केला. दिल्लीच्या केशव धरनं घरातल्या रेकॉर्डिंगमधून स्कायहार्बर हा बँड उभा केला. त्यांच्या २०१२ च्या अल्बमवर मेगाडेथचा जुना गिटारवादक मार्टी फ्रीडमन यानं पाहुणा म्हणून सोलो वाजवले. मुंबईत साहिल मखिजानं २००० साली डेमॉनिक रेझरेक्शन काढलं, लेबल स्वतःचं चालवलं, आणि २०१७ साली मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा ‘दशावतार’ मेटलमध्ये केला. एवढ्यावर न थांबता ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रमही चालवला. मेटलवर पोट भरत नाही याचं इतकं रोखठोक उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. दिल्लीचा करण कटियार वकिली सोडून घरून गाणी करू लागला, आणि त्याचं ब्लडीवुड २०१९ साली जर्मनीतल्या वाकेनला वाजलं. वाकेन हे दोनेक हजार वस्तीचं शेतीचं गाव. १९९० पासून तिथं मेटलचा उरूस भरतो आणि वस्तीच्या कितीतरी पट लोक चिखल तुडवत येतात. चिखलाच्या बाबतीत पेडगाव आजही तयार आहे.

राहता राहिली परीक्षा. मोठे स्टुडिओ त्यासाठी यामाहाचे एनएस-१० स्पीकर ठेवतात. १९७८ साली घरगुती म्हणून निघालेले, कानाला इतके कर्कश की कागदाचा टिश्यू पुढे चिकटवून लोक काम करायचे. त्यांवर बरं वाजलं ते कुठंही बरं वाजतं, एवढीच त्यांची ख्याती. पेडगावात हे काम ट्रॅक्टर करतो. ट्रॅक्टरच्या टेपवर बास मालकानं आधीच पूर्ण चढवलेला, इंजिन खालचे सगळे सूर गिळून टाकतं, आणि जे काही ऐकू येतं ते एक ते तीन हजार हर्ट्झच्या मधलं. गिटारचे मधले सूर तिथं ऐकू आले, तर मिक्स जमलं. नुसतीच वरची सरसर आली, तर घरी जाऊन गेन कमी करायचा. ज्या बँडसारखं वाजावं असं वाटतं त्याचं एक गाणं आधी त्याच ट्रॅक्टरवर, त्याच आवाजात लावून पाहावं, म्हणजे फुकटचा पश्चात्ताप वाचतो.

आणि गल्लीतल्या एखाद्या पोरानं हेडफोन पुढे करून “ऐका ना जरा” म्हटलं, तर दोन मिनिटं काढा. ‘मस्त आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नका, त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. बास ऐकू येतोय का, तेवढं सांगा.